तक्त्यातला दुसरा गोल

आमच्या भागात वंशावळ म्हटली की माणसांना एकच गोष्ट आठवते, जात पडताळणी. पोरगं बारावीला गेलं की बाप खापरपणज्याचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत फिरतो. खापरपणजा तर जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला, तो कुठली शाळा सोडणार? मग स्टॅम्प पेपरवर वंशावळ काढतात. वर खापरपणजा, खाली पणजा, खाली आज्जा, खाली बाप, खाली उमेदवार. पाच पिढ्यांत एकही बाई नाही, जणू सगळे बाप्ये झाडाला लागले होते. माझी वंशावळ काढली तेव्हा तीही अशीच होती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं हे आधीच कबूल करते.

वावगं वाटायला लावलं ते भार्गवी मॅडमनी. मी राणी, आटपाडीकडची. सांगलीला हॉस्टेलवर राहून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. समाजशास्त्र घेतलं कारण भूगोलाच्या जागा भरल्या होत्या. मॅडम साताऱ्याच्या, शहरात वाढलेल्या, बोलणं एकदम स्वच्छ. पहिला महिनाभर त्यांनी नुसत्या व्याख्या सांगितल्या. दर्जा म्हणजे समाजरचनेतील व्यक्तीचे स्थान. त्या स्थानाकडून जे वागणे अपेक्षित असते ती भूमिका. जन्माने मिळतो तो अर्पित दर्जा, स्वतःच्या कर्तबगारीवर मिळतो तो अर्जित. मागच्या बाकावरून विश्वजित म्हणाला, "मॅडम, वशिल्यानं मिळतो तो कुठला?" सगळा वर्ग हसला. मॅडमनी तो प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, चांगला आहे, उत्तर शोधून आण. त्या दिवसापासून मला त्या आवडायला लागल्या, आणि मला एखादं माणूस आवडलं की मी त्याच्यासाठी वाट्टेल तो शहाणपणा करते. माझ्या स्वभावात ही खोट आहे.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधी त्यांनी वीस मार्कांची असाइनमेंट दिली. नातेसंबंधांचा तक्ता. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला दोन आडव्या रेघा, लेकराला उभी रेघ, मेलेल्या माणसावर फुली. चार पिढ्या. आणि प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आणि गाव लिहायचंच. "तुमच्या वंशावळीत बायका नाहीत," मॅडम म्हणाल्या, "त्या कुठे गेल्या ते विचारून या." सोबत कॉलेजच्या लेटरहेडवर एक पत्र दिलं, विद्यार्थ्यांना माहिती देऊन सहकार्य करावे, खाली गोल शिक्का. सगळा घोळ त्या शिक्क्याने केला. पण शिक्क्याला काय दोष द्यायचा, घेऊन फिरणारी मीच.

घरी गेल्या गेल्या आज्जीला धरलं. आमची आज्जी धोंडुबाई. आधार कार्डावर तिचं वय बाहत्तर, पण डाळिंबाचं कॅरेट एकटी उचलते. अख्खं गाव म्हणतं, म्हातारी लय टणक हाय. मी विचारलं, "आज्जे, लग्नाच्या आधी तुझं नाव काय होतं?"

ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. "नाव काय आसायचंय? हाय त्येच."

"सगळ्या बायकांची नावं बदलतात. आईचं बदललंय. तुझं नाही बदललं?"

"माझं न्हाई बदललं," ती म्हणाली आणि उठून शेळीला पाणी दाखवायला गेली. शेळीने मघाशीच पाणी पिलं होतं. माझ्या तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होतं, पण मी आपली तक्त्यासाठी पट्टी शोधत बसले.

आई-बाप, बहिणी, लग्न, काहीही विचारलं तरी तिचं एकच, आठवत न्हाई. सोसायटीच्या निवडणुकीत तीस वर्षांपूर्वी कोण कुठल्या पॅनेलला होतं हे सांगणारी बाई स्वतःच्या आईचं नाव विसरली म्हणते, याचा मला राग आला. भाऊबीज झाल्यावर मी सरळ म्हसवडची एसटी पकडली आणि तिच्या माहेरी केरबा आज्ज्याकडे गेले. केरबा आज्जा म्हणजे अण्णांचे मामा, आज्जीचा थोरला भाऊ. अण्णा म्हणजे माझे वडील, नानासो. वाटेत खायला आज्जीनेच मला चटणी-भाकरी बांधून दिली. तिला मी सांगितलं होतं, मैत्रिणीकडे चाललेय.

केरबा आज्जा अंगणात घोंगडं टाकून बसला होता. मी पत्र पुढे केलं आणि म्हणाले, वंशावळ काढायचीय, कॉलेजला द्यायचीय. आज्ज्याने पत्र उलटंसुलटं करून बघितलं. वाचता येत नाही, पण शिक्का ओळखता येतो. त्याने टोपी सारखी केली आणि ताठ बसला.

"पडताळणी का?"

मला वाटलं, आता या म्हाताऱ्याला समाजशास्त्र कुठे समजावत बसू. म्हणाले, "तसंच समज."

"मग खरं लिव. आमच्या नातवाच्या, लालासाहेबाच्या येळला एक नाव इकडचं तिकडं झालं, पोराचं वरीस गेलं. सरकारी कागदाला खोटं चालत न्हाई." तो बोटांवर मोजायला लागला. "आमी तिघं. मी केरबा. माझ्या पाठची धोंडी. धाकली तानू, तानुबाई. धोंडीवर मेल्याली म्हणून काय खूण आसंल ती कर."

मला हसू आलं. "आज्जा, धोंडी म्हणजे आमची आज्जी. तिनंच सकाळी ही भाकरी बांधून दिलीय मला."

"ती तानू," आज्जा म्हणाला.

मी हातातल्या भाकरीकडे बघितलं. खरंच बघितलं, जसं काही त्या भाकरीवर कुणाचं तरी नाव लिहिलेलं असणार होतं.  आज्ज्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याच्या लक्षात आलं असावं की पोरीला यातलं काहीच ठाऊक नाही, आणि तोंडातून निघालेलं आता परत गिळता येत नाही.

मग हळूहळू त्याने सगळं सांगितलं. तेव्हा आमची माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोयनेच्या अंगाने खाली उतरायची ती पावसाळ्यालाच गावात परतायची. त्या वर्षी वाटेतच, पाटणच्या पुढे, धोंडुबाईला मुलगा झाला. तिला ताप भरला. बाराव्या दिवशी ती गेली. तिथेच ओढ्याच्या काठाला सगळं उरकलं. कळप एका शिवारात दोन दिवसांवर थांबू शकत नाही, लोक हाकलतात. माणूस मेलं म्हणून मेंढरं थांबत नाहीत. इकडे म्हसवडला निरोप पोचला आणि केरबा आज्ज्याच्या बापाने तेरा वर्षांच्या तानूला एसटीत बसवून पाटणला नेलं. माझ्या आज्ज्याच्या, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याच्या हातात तिचा हात दिला, कपाळाला हळद लावली आणि दुसऱ्या गाडीने परत आला.

"आणि नाव?" मी विचारलं. 

"तुझी पणजी लय कडक. तिनं पालातच सगळ्यास्नी सांगितलं, माझ्या नातवाला उद्या कुणी सावत्र म्हणायचं न्हाई. आजपासनं हीच धोंडी. पावसाळ्याला माघारी आली तवा गावानं बघितलं, धोंडुबाई काखंला पोरगं घिऊन आली."

"गावाला कळलं नाही?"

"गावाला काय कळत न्हाई? गाव बोललं न्हाई," आज्जा म्हणाला. "राणे, नानासोला ठावं न्हाई. त्यो अजून मला मामाच म्हणतोय, आन् मी बी मामाच हाय त्येचा दोन्हीकडनं. कागदावर काय लिवायचं ती लिव, पर घरात नगं."

  परतीच्या गाडीत मी सारखी हिशोब करत होते. अण्णा पन्नास. म्हणजे आज्जी बाहत्तरची नाहीच, ती त्रेसष्टची. तिचं वयसुद्धा तिचं नाही. रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, मतदार यादी, सगळीकडे एक मेलेली बाई पन्नास वर्षं अंगठा उठवत होती. आणि जी जिवंत होती ती कुठल्याच कागदावर नव्हती. ज्या गावात कुणाच्या म्हशीला रेडकू झालं तरी चार घरं चर्चा करतात, ते अख्खं गाव या एका गोष्टीवर तोंड शिवून बसलं होतं. मला त्या गावाचा संताप आला आणि भीतीही वाटली. अजून काय काय लपवून ठेवलं असेल या लोकांनी?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा डाळिंबाच्या बागेत फवारणीला गेले, आई ओढ्याला. आज्जी गोठ्यापुढे शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी म्हसवडला गेले होते. केरबा आज्ज्यानं सांगितलं मला."

तिने मान वर केली नाही. दोन-तीन शेंगा फोडल्या. मग विचारलं, "नानासोला बोललीस?"

"नाही."

"बोलू नगंस." तिने गळ्यातला काळा दोरा चोळीतून बाहेर ओढला. त्यात चांदीचा एक छोटा पत्रा आहे, त्यावर बाईची आकृती उठवलेली. लहानपणापासून मी तो बघत आलेय. मला वाटायचं देवी आहे. माझा आज्जा गेला तेव्हा तिचं मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, पण याला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. "ह्यो टाक हाय," ती म्हणाली. "पयली मेली की दुसरीनं घालायचा आसतो. लोक म्हणत्यात सवतीचा टाक. माझी कशाची सवत, थोरली भण ती. रोज रातच्याला हिला सांगते, तुझं लेकरू जेवलं गं बाई."

मी रडायलाच लागले. ती रडली नाही. मला म्हणाली, नाक पूस.

"तुला राग नाही आला? तेरा वर्षांची होतीस तू. नाव काढून घेतलं तुझं!"

"राग यायला सवड कुठं व्हती? हातात पंधरा दिवसांचं पोर. शेळीचं दूध बोळ्यानं पाजायचं. त्येला मी आय का मावशी, कुठं कळत व्हतं? माझा वास आला की गप व्हायचं." तिने एक शेंग फोडली. "नाव घिऊन काय करू मी? त्यो मला आये म्हणतो. त्येवढं एक नाव माझ्या कमाईचं हाय. उद्या त्येच्या मनात एक डाव जरी आलं, ही सावत्र हाय म्हणून, मग मी कुठं जाऊ राणे? माझं हाय कोण?"

तिला स्वतःचं मूल झालं नव्हतं. ते का, हे मी विचारलं नाही. तेरा वर्षांची होती म्हणून, की होऊ दिलं नाही म्हणून, हे विचारायची माझी छातीच झाली नाही. अण्णांना काही कळणार नाही असं मी तिला वचन दिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून.

आता इथून पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

सांगलीला परत आले आणि कोऱ्या कार्डशीटपुढे बसले. एक गोल काढून, त्यात धोंडुबाई लिहून मोकळी होऊ शकत होते. वीसपैकी बारा-तेरा मार्क कुठेच गेले नव्हते. पण मला वाटलं, पणजीने पुसलं, आज्ज्याने पुसलं, अख्ख्या गावाने पुसलं, आता मीही पुसायचं? मग मी शिकतेय कशाला? आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. असा तक्ता वर्गात कुणाचाच नसणार हे मला माहीत होतं. मॅडम चकित होतील हे मला माहीत होतं. आज्जी अडाणी, अण्णा सातवी, दोघांनी कॉलेजचं फाटकसुद्धा बघितलेलं नाही. कोण सांगायला जातंय?

मी दोन गोल काढले. एकात धोंडुबाई, तिच्यावर ठसठशीत लाल फुली, तिच्यापासून खाली अण्णांपर्यंत उभी रेघ. शेजारी दुसरा गोल, तानुबाई, आज्ज्याला जोडलेली दोन आडव्या रेघांनी, खाली काही नाही. नियमानेच तसं होतं, लेकराची रेघ जन्म देणारीपासूनच निघते. मागच्या पानावर मॅडमनी शिकवलेले तिन्ही दृष्टिकोन लावले. कार्यवादी म्हणेल, समाजाला जागा भरलेली लागते, माणूस कुठलं का असेना. एक धोंडुबाई गेली, दुसरी आणून बसवली, घर चालू राहिलं, पोर जगलं. हे मी दोनदा खोडलं आणि परत लिहिलं, कारण ते खरं होतं. अण्णा जगले ते त्यामुळेच. संघर्षवादी विचारेल, फायदा कुणाचा झाला आणि किंमत कुणी मोजली, तर आज्ज्याला बायको मिळाली, घराला बिनपगारी दाई मिळाली आणि एका मुलीचं अख्खं आयुष्य त्यात गेलं. यावर मी दीड पान रागाने लिहिलं. आणि तिसरा, आंतरक्रियावादी, म्हणतो की माणूस कोण आहे हे त्याला लोक काय म्हणून हाक मारतात त्यावर ठरतं. तिथे मी तीनच ओळी लिहिल्या. मला त्यात फारसं काही सापडलं नाही.

मॅडमनी तो कागद वाचला तेव्हा मी टेबलापाशीच उभी होते. त्यांनी चष्मा काढला.  मग म्हणाल्या, "राणी, पंधरा वर्षं शिकवतेय मी. असं काही माझ्या हातात आलं नव्हतं." वीसपैकी एकोणीस दिले. जानेवारीत पालक मेळावा होता, तिथे निवडक तक्ते लावायचे होते. त्यांनी विचारलं, "हा लावू का? घरी माहीत आहे ना?"

"हो मॅडम," मी म्हणाले.

एवढंच. हो मॅडम. कुणी गळा धरला नव्हता माझा.

मेळाव्याला आमच्या आटपाडीकडून कोण येणार म्हणून मी निर्धास्त होते. हॉलमध्ये चहा-चिवडा चालला होता, भिंतीवर ओळीने तक्ते लावलेले. मी एका मुलीच्या आईला त्रिकोण म्हणजे पुरुष हे समजावत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला, "राणे!"

अण्णा. स्वच्छ पायजमा, डोक्याला टोपी. मागे आज्जी, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. डाळिंबाचा टेम्पो घेऊन मार्केटला आले होते, येताना आज्जीचा डोळा मिरजेला दाखवून आणला, आणि मुलांचे तक्ते लावलेत असा कॉलेजचा मेसेज मोबाइलवर आला होता म्हणून वाट वाकडी करून आले. मला आनंद व्हावा म्हणून न सांगता आले.  मी म्हणाले, "चला, आधी कॅन्टीन दाखवते." अण्णा म्हणाले, "कॅन्टीन काय बघायचं? तुझं काय लावलंय म्हणं भितीवर?" बाजूला उभ्या विश्वजितने उत्साहाने बोट केलं, "काका, तो बघा, सगळ्यात भारी तक्ता राणीचाच."

अण्णा मोठ्याने वाचतात. अक्षराला अक्षर जोडत, बोट ठेवून. त्यांनी आधी स्वतःचं नाव शोधलं. "ना-ना-सो. हे बघ आये, माझं नाव लागलंय कॉलेजात." आज्जी त्यांच्या पाठीशी उभी होती, मान तिरकी करून चांगल्या डोळ्याने गर्दी बघत. अण्णांचं बोट रेघेवरून वर सरकलं. मी पुढे झाले, त्यांचा हात धरला, म्हणाले अण्णा, चहा गार होतोय. त्यांनी हात सोडवून घेतला.

"धों-डु-बा-ई. आन् ही लाल काय हाय?" खाली खुणांचा अर्थ लिहिला होता. त्यांनी तो वाचला आणि हसलेच. "आगं येडे, जित्या माणसावर फुली मारलीस व्हय गं? आये, बघ तुझ्या नातीनं तुला मारून टाकलं!" दोन-तीन पालकही हसले. आज्जी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

अण्णांचं बोट शेजारच्या गोलावर गेलं.

"ता-नु-बा-ई," त्यांनी वाचलं.

"ओ," आज्जी म्हणाली.

अगदी पटकन म्हणाली. लांबून कुणी हाक मारल्यावर पोरगी देते तशी. पन्नास वर्षांत ते नाव तिच्या कानावर पडलं नव्हतं आणि ते पडलं तेही तिच्या लेकाच्या तोंडून. तिने लगेच तोंडावर पदर धरला, पण ओ तर गेली होती.

अण्णा वळले. अजून त्यांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं. "आये, तू कशाला ओ दिलीस?"

तिने पदर आणखी घट्ट धरला.

"कोण तानुबाई?"

"चुकून गेली रं," ती म्हणाली. आणि मग, कशी कोण जाणे, तिची ताकदच संपली असावी. पन्नास वर्षं धरून ठेवलेलं तिने त्या चिवड्याच्या प्लेटांमध्ये सोडून दिलं. "मी. मी तानू."

"मग ही?" अण्णांचं बोट फुलीवर होतं.

"ती तुझी आय. माझी थोरली. तू बारा दिवसाचा व्हतास."

मला वाटलं जमीन फाटावी. खरंच वाटलं. अण्णा परत तक्त्याकडे वळले. त्यांचं बोट फुलीपासून खाली त्यांच्या त्रिकोणापर्यंत आलं, मग तानुबाईच्या गोलाखाली गेलं, तिथे मोकळ्या कागदावर इकडेतिकडे फिरलं. ते रेघ शोधत होते. रेघ नव्हती. मी काढली नव्हती.

तेवढ्यात मॅडम आल्या. "तुम्ही राणीचे वडील ना? फार धाडसी मुलगी आहे तुमची." अण्णांनी तक्त्यावरचं बोट खाली घेतलं. मग अगदी अदबीने म्हणाले, "मॅडम, पाणी कुठं मिळंल?" मॅडमनी दाखवलं. ते त्या दिशेला गेलेच नाहीत, सरळ दाराबाहेर पडले. मॅडमनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आज्जीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "राणी, तू घरी माहीत आहे म्हणाली होतीस," एवढंच म्हणाल्या.  त्यांनी स्वतः पिना काढून तक्ता भिंतीवरून उतरवला, पण आता उतरवून काय उपयोग होता?

आज्जी खुर्चीवर बसली. मी तिच्या पायाशी बसले. मला वाटलं ती मारेल, शिव्या देईल. मला ते हवं होतं. ती म्हणाली, "तू डोस्क्यावर हात ठिवला व्हतास." 

अर्ध्या तासाने बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आज्जी उठली. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, लेकापुढे ती तसा कधीच घेत नाही. अण्णांनी आतून दार उघडून दिलं. त्यांचे डोळे लाल होते. ती चढताना त्यांनी हात दिला, तिची औषधाची पिशवी मांडीवर नीट ठेवली. आणि गाडी गेली. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

त्याला आता दोन महिने झाले. मॅडमनी मला वर्गात काही विचारायचं बंद केलंय, आणि एकदा तर समोर आल्यावर त्याच म्हणाल्या, चूक माझीही आहे, मी घरी फोन करायला हवा होता. मी अण्णांना चार फोन केले. ते "हूं" म्हणतात आणि आईकडे फोन देतात. आई म्हणते, घरात सगळं ठीक चाललंय. मग काल मी आईला म्हणाले, आज्जीला दे.

"आज्जे, अण्णा तुला काही बोलतात का?" मी विचारलं.

"बोलतो की. जेवलीस का इचारतो. डोळ्यात थेंब घातलं का इचारतो. परवा बाजारातनं पायाला लावायचं मलम आणलं." पलीकडे शेळी ओरडत होती. "पर हाक मारत न्हाई गं. म्होरं यून नुसता हुबा ऱ्हातो. मी मान वर करीपतोर. मग बोलतो."